अक्काची दुसरी तक्रार

अक्काला दुपारभर खुर्चीला बांधून ठेवतात, हे मला एका आयाने बसस्टॉपवर सांगितलं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. धारवाडला, सप्तापूरच्या पलीकडे, एका निवासात ती दीड वर्षापासून राहत होती. म्हातारी आणि अपंग अशी तीसेक माणसं तिथे असत. गुरुवारी आणि रविवारी चार ते सहा भेटायची वेळ. त्या रविवारी मी सहाला निघून बसस्टॉपवर उभी होते, तर निवासातली एक आया डोक्यावर पदर घेऊन माझ्या मागोमाग आली. अळनावरजवळच्या खेड्यातली, चाळिशीची बाई. सुरुवातीला अक्काचं सगळं हीच करायची. दोन महिन्यांपूर्वी तिला त्या कामावरून काढून धुण्याच्या कामाला लावलं होतं.

"धाकट्या अक्का, जरा ऐका," ती म्हणाली. "मी सांगितलं म्हनून कुनाला बोलू नगा. थोरल्या अक्कांस्नी बांधत्यात. जुन्या लुगड्याची पट्टी हाय, ती पोटाभोवती घेऊन खुर्चीच्या मागं गाठ मारत्यात. जेवान झालं की बांधत्यात, ते चा येईस्तवर. तुमी येनार त्या दिवशी तेवढं लवकर सोडत्यात."

"का पण?"

"पडतील म्हनून. आनि त्यास्नी काय कळत न्हाई म्हनत्यात. मला ठावं हाय, त्यास्नी सगळं कळतंय."

बस आली, थांबली, निघून गेली. मी चढलेच नाही. ती बाई "माजी नोकरी जाईल बघा" एवढं म्हणून उलट पावली परत गेली.

अक्काला काही कळत नाही, असं त्या लोकांना का वाटायचं, ते सांगायला हवं. तिला लहानपणी पोलिओ झाला आणि डावा पाय बारीक राहिला. त्या पायापायी तिने कधी कुणाची दया घेतली नाही. सुभाष रोडच्या एका गल्लीत, जिन्याखालच्या जागेत, तिने चाळीस वर्षं ब्लाउज शिवले. माप चुकलं तर स्वतःहून कबूल करायची आणि कापड भरून द्यायची. पण गिऱ्हाईक खोटं बोललं की तिची जीभ सुटायची. "गेल्या महिन्यात बसत होता, आता दंडात अडकतो म्हणता? मग जेवतं कोण, माझा ब्लाउज होय?" हे ती कन्नडमध्ये म्हणायची आणि गल्लीतली सगळी दुकानं हसायची. कन्नड इतकं फर्डं की भाजीवाल्या तिच्याशी घासाघीस करायला कचरत. कमरेखाली जाणारे केस होते तिचे. दर शनिवारी शिकेकाईने धुवायची आणि मशीनवर बसताना वेणीचा घट्ट अंबाडा घालायची.

सत्तराव्या वर्षी तिला लकवा मारला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. महिन्याभराने शब्द थोडे थोडे परत आले, पण सगळे घरातले, मराठी. कन्नड एक अक्षर आलं नाही. कुणी कन्नडमध्ये विचारलं की ती त्याच्या तोंडाकडे नुसती बघत राहायची. डॉक्टर म्हणाले, दोन भाषा बोलणाऱ्या माणसांचं असं होतं कधी कधी. जे मराठी आलं होतं तेही उलटसुलट. पाणी हवं असलं की "दोरा" म्हणायची. "हो" आणि "नाही" यांची तर कायम अदलाबदल. म्हणून आम्ही दोघींनी खूण ठरवून घेतली होती. डावा पंजा उघडला की हो, मूठ वळली की नाही. हाताची खूण कधी चुकत नसे.

तिला मी माझ्याकडे, मळमड्डीला, आणलं होतं. आठ महिने केलं. मग माझ्याच कमरेचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं की आता पाण्याची कळशीसुद्धा उचलायची नाही. आमचं घर पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद. मुलगी दूर, तिच्या संसारात. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. अक्काला निवासात ठेवलं त्या दिवशी मी तिला "थोडे दिवस" म्हणाले. तिने मूठ वळली होती. मी ते बघून न बघितल्यासारखं केलं.

तिथला कारभार कन्नडमध्ये. अळनावरची आया होती तोवर ठीक चाललं. तिच्याशी अक्का आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत बोलायची. तिला धुण्याला लावल्यावर अक्काशी बोलणारं कुणी उरलं नाही, आणि "ह्या बाईला काही कळत नाही" असा शिक्का तिच्यावर बसला. त्याच सुमारास मॅनेजरचा मला फोन आला होता. चारपाच बायकांच्या डोक्यात उवा झाल्यात, सगळ्यांचेच केस बारीक करून टाकतो, तुमची हरकत नाही ना? मी भाजी चिरत होते. "करा की, तुम्हालाही सोपं पडेल," असं म्हणून मी फोन ठेवला. पुढच्या गुरुवारी गेले तर अक्काचं डोकं मुलांसारखं कातरलेलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि दोन तास माझ्याकडे वळलीच नाही. मला वाटलं, आजाराचंच काहीतरी असेल.

बसस्टॉपवरचं ऐकल्यावर मी सोमवारी दुपारी दोनला, भेटीची वेळ नसताना, निवासात गेले. रखवालदाराला सांगितलं की औषध द्यायचं राहिलंय. सरळ आत गेले. अक्का व्हरांड्यात खुर्चीत होती. पोटाभोवती हिरव्या लुगड्याची पट्टी, मागे दोन गाठी. डोळे उघडे. डाव्या हाताने तिने ती पट्टी धरून माझ्या दिशेने थोडी ओढून दाखवली. जणू दुकानात एखाद्या बाईला सांगत असावी, हे बघा, इथे चुकलंय.

मी गाठी सोडायला लागले. मॅनेजर धावत आला.

"मॅडम, ही वेळ नव्हे भेटीची," तो कन्नडमध्ये म्हणाला.

"हे काय आहे?"

"त्यांच्याच सुरक्षेसाठी आहे. दोन आया आहेत माझ्याकडे, तीस माणसं. त्या पडल्या, हाड मोडलं, तर तुम्हीच मला विचाराल."

"तिला विचारलंत का?"

"त्यांना काय विचारणार? कळतं कुठे त्यांना?"

मी तीस वर्षं पाटबंधारे खात्याच्या कचेरीत आवक-जावक टेबलावर काढली आहेत. कागद कसा जगतो आणि कसा मरतो, हे मला चांगलं ठाऊक. घरी येऊन मी निवास चालवणाऱ्या विश्वस्तांच्या नावाने तक्रार लिहिली, दोन प्रती काढल्या, एकीवर पोच घेतली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. "सदर प्रकरणी सखोल चौकशी करण्यात आली असून तक्रारीत तथ्य आढळून आले नाही." खाली सही कुणाची? मॅनेजरची. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच टेबलावर चौकशी! नोकरीत असताना असली उत्तरं मी स्वतः शेकड्यांनी पाकिटांत घालून चिकटवली होती. ती उघडून वाचणाऱ्याला काय वाटत असेल, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

त्या दरम्यान पट्टी बांधणं थांबलं होतं का? नाही. हिरवी गेली, निळी आली. धुण्याच्या खोलीतून निरोप मिळत होता मला.

मी जिल्ह्याच्या कचेरीत गेले. अपंगांचं काम बघणाऱ्या विभागात एक कारकून होती, पंचविशीची मुलगी. माझी फाइल तिने उभ्या उभ्या वाचली आणि म्हणाली, "हे उत्तर त्यांनीच दिलंय त्यांच्याबद्दल. ह्याला काय अर्थ? तुम्ही आयुक्तांकडे लिहा."

"कोण आयुक्त?"

तिने समजावून सांगितलं. अपंगांच्या तक्रारी ऐकायला राज्यात एक वेगळे आयुक्त असतात. ते कुठल्या निवासाचे नव्हेत, कुठल्या विश्वस्तांचे नव्हेत. दोन्ही बाजूंना समोर बसवून ऐकतात. वकील लागत नाही, फी नाही, साध्या कागदावर लिहिलं तरी चालतं. अधूनमधून ते जिल्ह्यात येऊन सुनावणी घेतात. धारवाडलाही येणार आहेत. मी तीस वर्षं सरकारी नोकरी केली आणि हे मला माहीत नव्हतं. तिला तसं म्हणाले, तर ती हसली. "गरज पडली नाही ना, म्हणून."

चार पानी अर्ज लिहिला, आयाला विचारून तिचं नावही त्यात घातलं. रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला. निवासाला नोटीस गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन.

"पंधरा दिवसांत तुमच्या बहिणीला घेऊन जा. आमच्यावर विश्वास नसेल तर आम्हाला ठेवायचं नाही."

फोन ठेवला तेव्हा सगळं डोळ्यांसमोर आलं. तो जिना, माझी कंबर, अक्काची खुर्ची. कुठे नेणार होते मी तिला? तक्रार करणाऱ्या प्रत्येकाला हीच भीती असते, आणि तिच्यामुळेच माणसं गप्प बसतात. एक क्षण मनात आलं की माफी मागून अर्ज मागे घ्यावा. मग मी कपभर चहा केला, तो संपेपर्यंत बसले, आणि मॅनेजर फोनवर जे बोलला ते शब्दन् शब्द एका कागदावर उतरवून त्याच कार्यालयाला पाठवून दिलं.

आठवड्यात पत्र आलं. निवासाला एक, त्याची प्रत मला. सुनावणी होईपर्यंत रहिवाशाला हलवायचं नाही, बांधायचं नाही, आणि तक्रारीशी संबंध असलेल्या कुठल्याही नोकराला काढायचं नाही. मी ते पत्र तीनदा वाचलं. मग पिशवीत घालून निवासावर गेले आणि अक्काला मराठीत वाचून दाखवलं. "बांधायचं नाही" हे आलं तिथे तिने मला थांबवलं. परत वाच, अशी खूण केली. परत वाचलं. तिने डावा पंजा उघडला आणि तसाच हवेत धरून ठेवला.

सुनावणी जिल्हा कचेरीच्या सभागृहात होती. अक्काला रिक्षातून नेलं. अळनावरच्या आयालाही साक्षीला बोलावलं होतं, ती मागच्या रांगेत आखडून बसली होती. सभागृह भरलेलं. कुबड्या, चाकाच्या खुर्च्या, पांढऱ्या काठ्या, हातवारे करून एकमेकांशी बोलणारी बहिरी माणसं. इतकी अपंग माणसं एका ठिकाणी, आणि कुणीही कुणाकडे वळून बघत नाही, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. अक्काने एक नजर फिरवली आणि खुर्चीत ताठ बसली.

आयुक्त साठीकडे झुकलेले, शांत. बंगळूरकडचे, मराठी अजिबात येत नसलेले. मॅनेजरने आपलं म्हणणं मांडलं. मग मी उठले. माझी चार पानं वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या पानावर त्यांनी मला थांबवलं.

"हे मी वाचलंय. छान लिहिलंय. आता त्यांना बोलू द्या."

"साहेब, तिला बोलता येत नाही नीट. मी सांगते."

"तुम्ही बसा, मॅडम."

मी बसले. त्यांनी अक्काकडे वळून कन्नडमध्ये विचारलं, "अक्का, हेळ्री, सांगा. तुमचं काय म्हणणं आहे?" अक्का त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मॅनेजर हलकेच हसला. बघा, मी म्हणत नव्हतो, असा तो चेहरा. मी पुन्हा उठले आणि म्हणाले की तिला कन्नड कळत नाही आता, ती हाताच्या खुणेने उत्तर देते, पंजा उघडला की हो, मूठ वळली की नाही; मी मराठीत विचारून सांगते. मॅनेजरने लगेच हरकत घेतली. "ह्या स्वतः तक्रारदार आहेत, साहेब. त्या आपल्याला हवं तेच सांगतील." आणि खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं चूक नव्हतं.

आयुक्तांनी मान डोलावली. मग सभागृहाकडे बघून मोठ्याने विचारलं, "इथे मराठी कुणाला येतं?"

अर्ध्याअधिक सभागृहाचे हात वर गेले! धारवाडच ते. कुबड्या टेकून उभ्या असलेल्यांनी कुबड्या वर केल्या. आयुक्त बघतच राहिले, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच हसले. पहिल्या रांगेतून एक गृहस्थ उठले. कॉलेजात शिकवणारे प्राध्यापक होते, सप्तापूरला राहणारे, जन्मापासून आंधळे. आपल्या स्वतःच्या कामासाठी आले होते. म्हणाले, "मी करतो. पण मला त्यांची खूण दिसणार नाही."

"खूण मी बघतो," आयुक्त म्हणाले. "तुम्ही शब्द ऐका."

प्राध्यापकांना अक्काच्या शेजारी खुर्ची दिली. त्यांनी आधी आपण कोण ते तिला सांगितलं, आणि घाई नाही, हवा तेवढा वेळ घ्या, असं म्हणाले. मग आयुक्त विचारायचे, ते मराठीत सांगायचे, आणि थांबायचे. किती थांबायचे! उत्तर माझ्या ओठांवर असायचं. मी पदर तोंडाशी धरून बसले.

"तुम्हाला बांधत होते का?"

"नाही," अक्का म्हणाली, आणि पंजा उघडला.

मॅनेजर म्हणाला, "नाही म्हणाल्या, साहेब."

आयुक्तांनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी उलटा प्रश्न विचारायला सांगितला. "तुम्हाला मोकळं ठेवायचे का?" अक्का म्हणाली, "हो," आणि मूठ वळली. घट्ट. मग त्यांनी तिला सोप्या गोष्टी विचारल्या. तुम्ही पुरुष आहात का? आपण धारवाडमध्ये आहोत का? दहाबारा प्रश्न. तोंड चुकत होतं, हात एकदाही चुकला नाही. त्यांनी कारकुनाला लिहून घ्यायला सांगितलं की, या बाईंना सर्व समजतं आणि त्या हाताने उत्तर देतात.

मग आयाला बोलावलं. ती पुढच्या खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. पण तिने सगळं सांगितलं. "बांधत होतो, साहेब. मीबी पैल्यांदा दोनदा बांधलंय. दोघी जनी आन तीस मानसं, कुनाकुनाला बघनार? पर त्या रडायला लागल्या तवा मी सोडलं, आनि परत बांधनार न्हाई म्हनलं. म्हनून मला धुन्याला लावलं." हे ती मराठीत बोलली आणि मग स्वतःच कन्नडमध्ये परत एकदा. मॅनेजर खाली बघत होता.

मला वाटलं झालं. आमचं काम झालं. आयुक्त कागद आवरता आवरता थांबले आणि म्हणाले, "त्यांना विचारा, आणखी काही सांगायचंय का?"

प्राध्यापकांनी विचारलं. अक्काने डावा हात उचलला, डोक्यावर ठेवला, आणि बोटांनी कातरी चालवल्यासारखं केलं. तोंडातून शब्द येईना. "दोरा," ती म्हणाली. मग "दोरा नाही, दोरा नाही," आणि मग एकदम, लख्ख, दुकानात बोलायची त्या आवाजात, "माझे केस."

प्राध्यापकांनी ते कन्नडमध्ये सांगितलं.

"केस कापले? त्यांना न विचारता?" आयुक्तांनी मॅनेजरला विचारलं.

"परवानगी घेतली होती, साहेब," तो म्हणाला. "ह्या मॅडमना फोन केला होता."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उठून उभी राहिले. चार पानी अर्जात केसांचा उल्लेखही नव्हता.

"हो," मी म्हणाले. "मीच दिली परवानगी. तिला विचारलं नाही."

अक्काकडे बघत आयुक्तांनी लिहून घ्यायला सांगितलं. "तक्रार दुसरी. रहिवाशाची स्वतःची." मी तिथेच, सगळ्यांसमोर, तिच्या खुर्चीजवळ गेले आणि म्हणाले, "अक्का, माझं चुकलं." तिने माझ्या कपाळावरची बट मागे सारली आणि माझ्या डोक्यावर एक टपली मारली. चांगली जोरात. प्राध्यापकांनी विचारलं, "काय झालं?" आयुक्त म्हणाले, "ह्याचा अनुवाद नको."

निकाल महिन्याभरात आला. निवासात कुणालाही बांधायचं नाही. पडण्याची भीती असेल तर हातांचा आधार असलेली खुर्ची आणि जवळ माणूस. केस, कपडे, जागा बदलणं, हे ज्याचं त्याला विचारल्याशिवाय करायचं नाही, मग नातेवाईक काहीही म्हणोत. प्रत्येकाशी त्याला कळेल त्या भाषेत बोलायचं. आयाला परत तिच्या कामावर घ्यायचं. आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे, तक्रारी ऐकायला निवासाबाहेरचं, विश्वस्तांशी संबंध नसलेलं माणूस नेमायचं. त्याने पंधरा दिवसांतून एकदा येऊन रहिवाशांना एकेकट्याने भेटायचं. नोकर नको, नातेवाईक नको. तक्रार कुणाची, हे नाव सांगायचं की नाही ते रहिवाशाने ठरवायचं. आणि उत्तर लेखी, रहिवाशाच्या हातात.

विश्वस्तांनी एका निवृत्त परिचारिकेला नेमलं. मोठ्या हॉस्पिटलात आयुष्य घालवलेली, मराठी कन्नड दोन्ही पाण्यासारखं. पहिल्या दिवशी तिच्याकडे कुणी गेलं नाही. दुसऱ्या वेळी अक्का गेली. आयाने खुर्ची ढकलत दारापर्यंत नेली आणि दार लावून बाहेर उभी राहिली. अक्काने आत काय सांगितलं ते मला कधी कळलं नाही, पण आठवड्यात तिची खाट भिंतीकडून हलून खिडकीपाशी आली. ते बघून बाकीचे जायला लागले. एका आजोबांना सकाळी पाचला गार पाण्याने आंघोळ घालायचे, ती सातला झाली आणि पाणी गरम झालं. एका मुलीला, तिशीची असेल, जन्मापासून पाय नाहीत तिला, सगळ्यांसमोर कपडे बदलायला लावत. तिथे पडदा लागला. छोट्या गोष्टी म्हणाल तर छोट्या. पण ज्याचं अंग सगळ्यांसमोर उघडं पडत होतं, त्याला विचारा.

एक गोष्ट तर कुणाच्या ध्यानीमनीही नव्हती. चौथ्या महिन्यात परिचारिकेकडे मॅनेजर स्वतः जाऊन बसला. त्याची तक्रार विश्वस्तांवर. दोन आयांवर तीस माणसं मी कशी सांभाळू? वर्षभर मागतोय, कुणी ऐकत नाही. तिने ती इतर तक्रारींसारखीच लिहून घेतली, इतर तक्रारींसारखंच लेखी उत्तर मागितलं. दोन नव्या आया आल्या. त्यानंतरच्या रविवारी मॅनेजर मला फाटकात भेटला. आमचं कधीच जमलं नव्हतं, पुढेही जमणार नाही. पण तो म्हणाला, "मॅडम, मीही अडकलोच होतो इथे." मला त्याचा राग आणायचा होता, तो नीट आला नाही.

निकालाचं ऐकून हुबळीच्या एका निवासाने मलाही बाहेरची ऐकणारी म्हणून बोलावलं. अक्का राहते तिथे मला हे काम करता येणार नाही, हे उघडच आहे. हुबळीला चालतं. महिन्यातून दोन बुधवार मी तिथे जाते. बायका येतात, आधी माझ्या साडीची चौकशी करतात, मग हवापाण्याचं बोलतात, आणि उठता उठता, दाराशी जाऊन, खरं काय ते सांगतात. मला सवय होती वाक्य पुरं करून द्यायची. ती मोडायला वेळ लागतो आहे.

मागच्या गुरुवारी अक्काला भेटायला गेले, तर ती जागेवर नव्हती. व्हरांड्याच्या टोकाला, नव्या आलेल्या एका म्हातारीजवळ तिची खुर्ची लावलेली. म्हातारी बेळगावकडची, दोन दिवस कुणाशी बोलत नव्हती म्हणे, जेवत नव्हती. अक्का तिचा हात हातात घेऊन बसली होती. म्हातारी रडत रडत सांगत होती आणि अक्का मान डोलावत होती. मी जवळ गेले तशी अक्काने वर बघितलं आणि डाव्या हाताने मला सरळ मागे जायची खूण केली. नंतर ये.

मी स्वयंपाकघराच्या पायरीवर येऊन बसले. अळनावरच्या आयाने दोन कप चहा आणला, एक मला दिला, एक स्वतः घेतला.

"तासभर लागंल बघा," ती म्हणाली. "थोरल्या अक्का कुनाला अर्ध्यात उठू देत न्हाईत."

"लागू दे," मी म्हणाले, आणि आम्ही चहा प्यायलो.